कॉलेजसाठी परवडणारा संगणक: दुकानात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की आमच्या सोसायटीत दरवर्षी दोन-तीन घरांतून एकच विचारणा होते: "मुलाला लॅपटॉप घ्यायचा आहे, चाळीसच्या आत बसला पाहिजे, कुठला घेऊ?" मॉडेलचे नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण आज सांगितलेले मॉडेल पुढच्या महिन्यात दुकानात नसते, आणि असलेच तर त्याच नावाखाली आतली रॅम आणि पडदा निराळा निघतो. म्हणून मी विचारणाऱ्याला एक नियम सांगतो. लॅपटॉपमधले जे भाग नंतर बदलता येत नाहीत, त्यांवर आज पैसे घालावेत. जे भाग वर्षा-दोन वर्षांनी वाढवता येतात, त्यांच्या बाबतीत थांबायला हरकत नाही. पडदा, कीबोर्ड, वजन, बिजागऱ्या आणि प्रोसेसर पहिल्या गटात येतात. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी चिपची डिस्क, आणि, नीट चौकशी केली तर, रॅमही, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, दुसऱ्या गटात येते.

हा नियम मला ठेच लागल्यावर कळला. २०२१ मध्ये वर्ग ऑनलाइन असताना मुलीसाठी घाईघाईने एक स्वस्त लॅपटॉप घेतला होता. खोक्यावर ६४ जीबी स्टोरेज असे लिहिले होते आणि फोनला तेवढे पुरते, तर लॅपटॉपलाही पुरेल, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात ती मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच, सोल्डर केलेली (कायमची डागलेली) ईएमएमसी प्रकारची साठवण होती. विंडोज आणि ऑफिस बसल्यावर जेमतेम पंधरा जीबी जागा उरली, आणि काही महिन्यांनी विंडोजचे मोठे अपडेट आले तेव्हा ते उतरवायलाच जागा नव्हती. फोटो पेन ड्राइव्हवर हलव, रिसायकल बिन रिकामी कर, यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडून दाखवले: एसएसडी बसवायला खाचच नव्हती.

पहिली पायरी: अभ्यासक्रम आणि दिवसाचा क्रम लिहून काढा

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात: अभ्यासक्रमात कोणती सॉफ्टवेअर लागणार आहेत, आणि लॅपटॉप दिवसभरात कुठून कुठे जाणार आहे. पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे किंवा प्रयोगशाळेतल्या सहायकाकडे असते, आणि बहुतेक वेळा पालकांच्या कल्पनेपेक्षा ते बरेच हलके निघते.

कला, वाणिज्य आणि विधी शाखांच्या विद्यार्थ्यांचा सगळा वेळ ब्राउझर, पीडीएफ, वर्ड, एक्सेल आणि प्रेझेंटेशन यांत जातो. बी.कॉम.ला टॅली लागते, पण ते हिशेब ठेवण्याचे अत्यंत हलके सॉफ्टवेअर आहे. टॅली प्राइमच्या शैक्षणिक मोडमध्ये परवाना न घेताही सराव करता येतो. फक्त नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच करता येतात, एवढी अडचण सरावापुरती सोसण्यासारखी आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सी किंवा पायथन शिकायला कुठलाही चालता संगणक पुरतो. काही प्रयोगशाळांत अजून ज्या टर्बो सीवर प्रॅक्टिकल होते, ते तर डॉसच्या काळातले आहे.

खरी गरज वाढते ती संगणक शाखेच्या पुढच्या वर्षांत. अँड्रॉइड स्टुडिओ हे फोनची अॅप बनवण्याचे सॉफ्टवेअर आणि त्यातला आभासी फोन एकत्र चालवायचा असेल, किंवा एका संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम उघडायची असेल, तर १६ जीबी रॅम लागतेच. मशीन लर्निंगसाठी मात्र महागडे ग्राफिक्स कार्ड घेण्याची घाई करू नये, कारण विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प गूगल कोलॅबवर, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर, मोफत चालतात. सिव्हिल आणि मेकॅनिकलला ऑटोकॅडमधली द्विमितीय रेखाटने साध्या लॅपटॉपवर होतात, आणि पात्रता सिद्ध केल्यावर ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला एका वर्षासाठी मोफत मिळतात, पुढे नूतनीकरणही होते. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स ही त्रिमितीय आरेखनाची सॉफ्टवेअर मात्र केवळ विंडोजवर चालतात, त्यामुळे या शाखांच्या मुलांनी मॅकबुकच्या वाटेला जाऊ नये. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला त्रिमितीय रेंडरिंगसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते आणि त्याचे अंदाजपत्रकच वेगळे असते. या लेखातला हिशेब त्याला लागू होणार नाही.

दुसरी गोष्ट प्रवासाची. पुण्यात कात्रजहून पीएमपीच्या बसने उभ्याने शिवाजीनगरला येणाऱ्या मुलाच्या पाठीवर दीड किलोचा लॅपटॉप आणि सव्वादोन किलोचा 'गेमिंग' लॅपटॉप, त्यात विटेएवढा अडॅप्टर, यांतला फरक पहिल्या आठवड्यातच कळतो. दुसऱ्या आठवड्यापासून तो लॅपटॉप खोलीवरच राहतो, आणि मग लॅपटॉप घेतला कशासाठी, हा प्रश्न उरतो.

दुसरी पायरी: लॅपटॉप की डेस्कटॉप, नवा की रिफर्बिश्ड

घरूनच ये-जा करणाऱ्या आणि कॉलेजात प्रयोगशाळा चांगली असलेल्या विद्यार्थ्याने डेस्कटॉपचा विचार जरूर करावा, कारण तेवढ्याच पैशांत मोठा पडदा, पूर्ण कीबोर्ड आणि सहज दुरुस्त होणारे यंत्र मिळते. मात्र सोबत यूपीएसचा खर्च धरावा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती नेमकी प्रकल्प जमा करण्याच्या दिवशीच बंद असते, हा माझा अनुभव. कॉट बेसिसवर किंवा पीजीत राहणाऱ्यांना, जिथे चार जणांत एकच टेबल असते, लॅपटॉपशिवाय गत्यंतर नाही.

नव्या लॅपटॉपसाठी साधारण पस्तीस ते पन्नास हजारांचा पट्टा धरावा. हातात वीस-पंचवीस हजारच असतील, तर त्या पैशांत नवा कोरा पण निकृष्ट लॅपटॉप घेण्यापेक्षा रिफर्बिश्ड, म्हणजे कंपन्यांतून वापरून परत आलेला आणि नीट करून विकला जाणारा, लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक घेणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यातल्या कार्यालयांमुळे पुण्यात असा माल भरपूर येतो. ही यंत्रे मुळात महाग असतात, त्यांची बिजागरी आणि कीबोर्ड दणकट असतात, आणि रॅम-एसएसडी बदलणे सोपे असते. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, स्वस्त दिसते, पण त्यावर टॅली किंवा ऑटोकॅड बसत नाही, एवढे सांगून तो विषय मी सोडतो.

तिसरी पायरी: प्रोसेसरचे नाव सोडून क्रमांक वाचा

सगळ्यात जास्त फसवणूक, आणि तीही कायदेशीर, या ठिकाणी होते. 'आय फाइव्ह आहे, साहेब' या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. चौथ्या पिढीचा आय५ आणि बाराव्या पिढीचा आय३ समोरासमोर ठेवले तर आय३ सहज पुढे जातो. इंटेलचा क्रमांक वाचताना, उदाहरणार्थ आय३-१२१५यू या नावात, सुरुवातीचे १२ ही पिढी आहे आणि शेवटचा यू म्हणजे वीज वाचवणारी चिप. त्या जागी एच असेल तर चिप ताकदवान, पण बॅटरी लवकर संपवणारी आणि तापणारी. या आय३मध्ये सहा कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा भाग, आहेत आणि वाणिज्य, कला, विज्ञान यांच्या विद्यार्थ्याला तीन-चार वर्षे त्यात काही कमी पडू नये. संगणक शाखेसाठी त्याच पिढीचा किंवा पुढचा आय५ घ्यावा. इंटेलने २०२३ पासून 'आय' हे अक्षर वगळून कोअर ३, कोअर ५ आणि कोअर अल्ट्रा अशी नवी नावे सुरू केली, त्यामुळे दुकानात दोन्ही पद्धतींच्या पाट्या शेजारी शेजारी दिसतात.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या बाबतीत गंमत निराळी आहे. रायझन ५ ७५२०यू हे नाव ७५३०यू या नावाच्या शेजारी ठेवले तर दहाच आकड्यांचा फरक दिसतो. पण या मालिकेत तिसरा आकडा चिपच्या रचनेची पिढी सांगतो: ७५२०मधला २ म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना आणि चार कोअर, तर ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. शिवाय ७३२०यू आणि ७५२०यू या चिपांसोबतची रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेलीच असते. ८ जीबी घेतलीत की शेवटपर्यंत ८ जीबी. ७५२०यू टाकाऊ आहे असे नाही, पण १६ जीबीचा मिळत असेल तरच घ्यावा.

सेलेरॉन एन४०२० सारख्या दोन कोअरच्या चिपांपासून दूर राहावे. एन१०० ही चार कोअरची चिप फक्त वाचन, टंकलेखन आणि व्हिडिओ एवढ्यापुरती ठीक आहे.

चौथी पायरी: रॅम आणि साठवण

८ जीबी ही आजची खालची मर्यादा आहे आणि १६ जीबी ही आरामाची. वाणिज्य किंवा कला शाखेसाठी ८ जीबीने सुरुवात करायला हरकत नाही, मात्र एक स्लॉट, म्हणजे रॅम बसवायची खाच, मोकळा असलाच पाहिजे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळला आहे. त्यामुळे 'नंतर स्वस्तात टाकू' हा माझा जुना सल्ला मी आता जरा जपून देतो. तरी मोकळा स्लॉट असला की भाव उतरेपर्यंत थांबण्याची सोय राहते, आणि दुसरी रॅम बसली की दोन्ही जोडीने चालून ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

स्लॉट मोकळा आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारून उपयोग नाही, कारण बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसते. दुकानातल्या चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात मेमरीवर टिचकी मारली की खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. 'दोनपैकी एक' असे दिसले तर उत्तम. फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' असे लिहिलेले दिसले, तर रॅम सोल्डर केलेली आहे असे समजावे. काही यंत्रांत एक रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा अशीही रचना असते, म्हणून नेमके मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून पाहावे. त्याच खिडकीत प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि डिस्क एसएसडी आहे का, हेही दिसते, म्हणजे दोन मिनिटांत तीन कामे होतात.

साठवण एसएसडीच हवी, ५१२ जीबी असावी आणि शक्यतो एनव्हीएमई या वेगवान प्रकारची असावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. वेग बाजूला ठेवला तरी, पुण्याच्या रस्त्यांवरून आणि त्यांवरच्या गतिरोधकांवरून स्कूटरच्या डिकीत जाणाऱ्या यंत्रात फिरती तबकडी नसलेलीच बरी.

पाचवी पायरी: पडदा, कीबोर्ड आणि बाकीचे शरीर

पडद्याचे रिझोल्यूशन १९२० बाय १०८० असावे आणि तो आयपीएस प्रकारचा असावा. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून टिपणे काढता येत नाहीत, आणि टीएन पडदा जरा तिरका पाहिला की रंग उलटे दिसतात. लॅपटॉपचे झाकण मागे-पुढे कलवून आणि बाजूला उभे राहून पाहावे, लगेच समजते. या किमतीत २५० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजेड हा सर्वसाधारण असतो. वर्गात खिडकीशी बसणाऱ्याला तो कमी वाटेल, ३०० मिळाला तर सोडू नये.

कीबोर्डवर उभ्या उभ्या चार ओळी मराठीतूनही टाईप करून पाहाव्यात. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि ध्वन्याधारित असे दोन्ही कीबोर्ड विनामूल्य असतात, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. झाकण एका हाताने एका कोपऱ्यात धरून उघडावे. बिजागरी करकरली किंवा पडदा पिळवटला, तर तो लॅपटॉप दोन वर्षांत तिथेच तुटणार. टाइप-सी पोर्टमधून चार्ज होणारा असेल तर जादा अडॅप्टर सहज आणि कमी पैशांत मिळतो.

सहावी पायरी: रिफर्बिश्ड घेताना

इथे घाई केली तर पैसे बुडतात. विंडोज १० चा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, तेव्हा त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी नको. अपवाद फक्त लिनक्स मिंट किंवा उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर राहण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्याचा. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ ही आठव्या पिढीच्या आसपासची यंत्रे आहेत, पण त्यांतल्या काहींत सातव्या पिढीचा प्रोसेसरही येतो, म्हणून तिथेही क्रमांक पाहावाच.

बॅटरीचा खरा जीव असा काढावा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी लिहावे, एक जागा सोडून तिरकी रेघ द्यावी आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे लिहून (powercfg /batteryreport) एंटर दाबावे. एक फाइल तयार होते. ती ब्राउझरमध्ये उघडली की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे दिसतात. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३६,००० असेल, तर बॅटरीत ७२ टक्के जीव उरला आहे. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी टाकून मागावी किंवा तेवढी किंमत कमी करून घ्यावी. विक्रेता 'चार तास चालते' असे म्हणत असताना हे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवले की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर यंत्र बंद करून चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहावे; तिथे पासवर्ड मागितला तर ते यंत्र परत ठेवावे. विंडोज पूर्ण रीसेट करून, वायफायला जोडून, पहिल्यापासून सुरू करायला सांगावे. या टप्प्यावर पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिथला लॉगिन मागितला गेला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत अडकलेले आहे आणि घरी नेल्यावर ते कधीही कुलूपबंद होऊ शकते. विंडोजचा परवाना तपासायला विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या रन खिडकीत एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून एक्सपीआर (slmgr /xpr) टाकावे. 'कायमस्वरूपी सक्रिय' या अर्थाचा संदेश हवा, एखादी मुदतीची तारीख दिसली तर परवाना जुगाडाचा आहे.

अडॅप्टरही पाहावा. त्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर तो बदलून मागावा. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी दिलेला नकली अडॅप्टर मदरबोर्ड जाळू शकतो.

सातवी पायरी: किंमत, हप्ते आणि बिल

एकाच मॉडेलची किंमत दोन दुकानांत आणि दोन संकेतस्थळांवर पाहावी, आणि काही कंपन्या कॉलेजच्या ओळखपत्रावर किंवा ईमेलवर विद्यार्थ्यांना वेगळी सवलत देतात, तीही विचारावी. दसरा-दिवाळीच्या आणि १५ ऑगस्टच्या सुमाराच्या सवलती खऱ्या असतात, पण त्यांची वाट पाहण्यात पहिले सत्र घालवू नये.

'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दांना भुलू नये. व्याजाएवढी सूट आधी दाखवली जाते खरी, पण क्रेडिट कार्डवर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही लागते. समजा सहा हप्त्यांत व्याजाचा भाग २,००० रुपये असेल, तर ३६० रुपये जीएसटीचे गेले. रक्कम लहान आहे. मोठे नुकसान होते ते रोख किंवा एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट हातची गेल्यामुळे. म्हणून आधी एकरकमी किंमत लिहून घ्यावी आणि मग हप्त्यांचा विषय काढावा. शैक्षणिक कर्ज घेत असाल, तर अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा खर्च त्यात धरता येतो. कर्जाचा अर्ज भरतानाच बँकेला विचारावे, नंतर ते जमेलच असे नाही.

बिल जीएसटी क्रमांकासह पक्के हवे आणि त्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर हवा. 'बिल नको असेल तर कमी करतो' या वाक्याला उत्तर न देता दुकानाबाहेर पडावे, कारण बिलाशिवाय वॉरंटीसाठी भांडायलाही आधार उरत नाही. सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख तिथल्या तिथे पाहावी. मांडणीतला लॅपटॉप गळ्यात मारला जात असेल तर त्याची वॉरंटी काही महिने आधीच सुरू झालेली दिसते. वाढीव वॉरंटीपेक्षा मी अपघाती नुकसानीचे संरक्षण आधी घेईन. साध्या वॉरंटीत सांडलेला चहा बसत नाही, आणि कॉलेजातला लॅपटॉप अमृततुल्याच्या टेबलावर किती वेळ काढतो हे पुणेकरांना सांगायला नको.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी विंडोजची सगळी अपडेट करून घ्यावीत आणि सोबत आलेली चाचणी मुदतीची अँटीव्हायरस काढून टाकावीत. विंडोजचे स्वतःचे संरक्षण विद्यार्थ्याला पुरेसे आहे. वर्ड-एक्सेलसाठी चोरीची प्रत बसवण्याआधी कॉलेजच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्ट ३६५ मोफत मिळते का ते पाहावे, आणि न मिळाल्यास लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. दिवसभर प्लगला लावून बसणाऱ्याने ती चालू करावी. बिलाचा फोटो आणि सिरियल नंबरच्या चिकटपट्टीचा फोटो पालकांच्या फोनमध्ये ठेवावा, कारण थर्मल कागदावरचे बिल पुढच्या जूनपर्यंत कोरे झालेले असते. आणि पावसाळा चालू असेल तर सॅकला रेनकव्हर त्याच दिवशी घ्यावे.